शिवणीचा अर्धा इंच

७ जानेवारी

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार. नमस्कार वयाला आहे, माणसाला नाही.

पत्र बघून दचकलात ना? पंधरा वर्षं एका घरात राहून तुमच्याशी बोलले नाही, मीठ संपलं तर भिंतीला सांगायचे, आणि तुम्ही लेकीकडे राहायला जाऊन वर्ष होत नाही तोच पत्र! घाबरू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. बातमी आनंदाची आहे. म्हणजे माझ्या आनंदाची, तुमचं तुम्ही बघा.

मंडळाच्या पत्रकाची संपादक आता मी आहे.

पुन्हा वाचा, चष्मा लावून वाचा. जिची शाळा तिसरीत सुटली, जिला ऱ्हस्व-दीर्घ जन्मात जमलं नाही, जिच्याबद्दल तुम्ही म्हणायचात "तिला काय कळतंय, तिला बटणं लावू दे", ती मी. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मंडळाचे तीनशे बारा सभासद, आणि दर महिन्याला तीनशे बारा घरांत जे चार पानी पत्रक जातं ते आता माझ्या हातून जाणार. निवड एकमताने झाली. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "पत्रकाचं काम कोण घेणार?" तर सगळ्या खाली बघायला लागल्या, जशी काही प्रत्येकीची चप्पल हरवली आहे. मी हात वर केला. दुसरा हात वर नव्हता. म्हणजे एकमतच की.

तुमचं टेबल मिळालं. गोंदाची बाटली, लाल पेन्सिलींचा डबा, जुन्या अंकांची मूळ पानं भरलेली पत्र्याची पेटी, सगळं मिळालं. खुर्चीवर तुमची उशी होती, ती मी पहिल्या दिवशी भिरकावली. दुसऱ्या दिवशी परत आणली, खुर्ची फार कडक आहे. पण अभ्रा बदलला.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये मंडळाला पंचवीस वर्षं होतात. मोठा अंक काढायचा आहे, पहिल्या पानावर चौकटीत मंडळ सुरू करणाऱ्या बायकांची नावं. आठवतं का काही? दहा वर्षं झाली तेव्हाही अशीच चौकट होती, तुम्ही केलेली. आपण पाचजणींनी मंडळ सुरू केलं. माझ्या खोलीत, माझ्या मशीनभोवती, माझ्या सतरंजीवर. चौकटीत नावं चार. माझं नाही. सभेत मी विचारलं, माझं नाव कुठे गेलं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जागा नव्हती."

माझ्या खोलीत पाचजणी मांडीला मांडी लावून बसल्या तेव्हा जागा होती. कागदावर एका ओळीला नव्हती!

तर ऐका. या वेळेलाही चौकटीत चारच नावं असतील. कुठलं नसेल ते तुम्ही हुशार आहात, सातवी पास आहात, ओळखाल. कात्री आता माझ्या हातात आहे.

नातीला दुसरा दात आला. तुम्हाला काय त्याचं, पण आला.

धाकटी


१ फेब्रुवारी

थोरल्या बाई,

सोबत माझा पहिला अंक पाठवला आहे. जपून उघडा, डोळे दिपतील.

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं. जावा जावा आणि उभा दावा, त्यात नवीन काय! पण अंक तुम्हाला पाठवायचाच होता. नाहीतर एवढं केलं ते कुणाच्या नाकाला झोंबण्यासाठी?

काय मजा असते हो या कामात, तुम्ही कधी बोलला नाहीत. बायका येतात, बातम्या सांगतात. दोऱ्याची रिळं कुठे चांगली मिळतात, शाळेच्या गणवेशांचं काम कुणाकडे आलंय, कुणाला पडदे शिवणारी हवीय. मी वहीत उतरवते. टायपिंगवाली त्याच्या लांब पट्ट्या काढून देते. छापखानेवाले म्हणाले, "आजी, हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवरच जुळवतात." मी म्हटलं, जुळवू देत. आमचा जन्म कात्रीत गेला, आम्हाला कापल्याशिवाय काही सुचत नाही.

मग मोठा कागद पसरला. खडूने रेघा मारल्या. प्रत्येक पट्टीतून बातमी कापायची आणि एकाखाली एक चिकटवत जायचं. चिकटवणं काय मला कुणी शिकवायचं? पन्नास वर्षं तुकड्याला तुकडा जोडतेय. वरच्या तुकड्याची कड अर्धा इंच आत घेतली, खालचा तुकडा तिच्यावर नीट बसवला, अंगठ्याने दाबला. पानाच्या तळाशी अर्धा इंच मागे मुडपून घेतला, झग्याचा घेर मुडपतो तसा. एकही कड उघडी नाही. बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. छापखानेवाले पान हातात घेऊन म्हणाले, "आजी, सफाई आहे हं." हे मुद्दाम लिहिते आहे. तुम्हाला कधी म्हणाले होते का?

छापून आल्यावर तपासायला कुणाला दिलं नाही. सगळ्या तुमच्याच मैत्रिणी, एकेक काना-मात्रा हुडकत बसल्या असत्या. घड्या मी एकटीने घातल्या. तीनशे बारा! आमचे हे म्हणाले, "हात दुखेल." म्हटलं, दुखू दे, आनंदाने दुखतोय. नातीने एका अंकाचा कोपरा खाल्ला. तो अंक तुम्हाला पाठवणार होते, पण नीटच पाठवला, उगाच बोलायला जागा नको.

मार्चच्या अंकासाठी चौकट आखून ठेवली आहे. चार ओळींची.

धाकटी


१२ फेब्रुवारी

थोरल्या बाई,

तुमचं पाकीट मिळालं. पत्र शोधायला पाकीट उलटं करून झटकलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. माझाच अंक परत, आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या अठ्ठेचाळीस खुणा. मोजल्या मी. सुंभ जळेल पण तुमचा पीळ जायचा नाही. "बरी आहेस का" लिहायला पेन्सिलीचं टोक मोडत होतं?

आणि सगळ्यात खाली ती एक ओळ. तिच्याकडे येते. आधी इकडची हकीकत सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळेल.

अंकातल्या प्रत्येक बातमीचं शेपूट गेलं. प्रत्येक बातमीच्या शेवटच्या दोन ओळी गायब. मी लिहिलं होतं: "दुरुस्तीवाले रविवारी दहा वाजता मंडळाच्या खोलीत सगळ्यांची मशीनं बघणार होते, पण त्यांचाच हात मोडलाय, तेव्हा कुणी मशीन आणू नये." छापून आलं: "दुरुस्तीवाले रविवारी दहा वाजता मंडळाच्या खोलीत सगळ्यांची मशीनं बघणार." बस्स.

खोली तिसऱ्या मजल्यावर. त्रेपन्न बायका मशीनं घेऊन चढल्या. एकीने नवरा आणि दीर जुंपून पायांसकट मशीन वर आणलं आणि जिन्याच्या वळणावर अडकवलं. ना खालच्यांना वर येता येईना, ना वरच्यांना खाली जाता येईना. आणि त्या गर्दीत दुरुस्तीवाले गळ्यात हात अडकवून, बघायला आले, काय चाललंय म्हणून! मला वाटलं जमीन फाटावी. पण थांबा, लगेच हसू नका. ते स्टुलावर बसले आणि चांगल्या हाताने दाखवत गेले, हा स्क्रू सोड, ही सुई उलटी बसलीय, इथे तेल दे. बायकांनी स्वतःच्या हाताने वीस-बावीस मशीनं सुरू केली. असं तुमच्या काळात एकदा तरी झालं होतं का?

काजवाल्या मावशींचं मात्र वाईट झालं. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं त्यांचं, आता ठणठणीत आहेत. मी तसंच लिहिलं होतं. छापलं गेलं: "डॉक्टरांनी हात टेकले. सगळं संपलं." पुढचं "असं वाटत असतानाच मावशी उठून बसल्या आणि चहा मागितला", ते गेलं. सात-आठजणी डोळ्याला पदर लावून त्यांच्या दारात. दार मावशींनीच उघडलं. बघतच राहिल्या. आणि ज्या बायका जन्मभर त्यांच्या काजांना नावं ठेवत होत्या, त्याच जिन्यात बोलत होत्या, "तशी काजं आता होणे नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध! मावशींनी आतून सगळं ऐकलं होतं. आता त्या मला म्हणतात, "छापलंस ते बरं केलंस, कोण काय बोलतं ते जिवंतपणी कळलं. पण पुढच्या वेळी आधी सांग, केस विंचरून ठेवेन."

अध्यक्षीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, मार्चच्या अंकात असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. दुसरी कोण आहे, विचारलं नाही मी. कदाचित या वेळेला कुणाची चप्पल हरवायची नाही.

आता तुमची ओळ. "शिवणीचा अर्धा इंच सोडू नकोस. कडेला कड लाव."

हे तुम्हाला कुणी सांगितलं?

खरं सांगा. छापखानेवाले म्हणाले, गोंद ओघळला असेल. टायपिंगवाली म्हणाली, तिच्या मशीननेच ओळी खाल्ल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, माझं वय झालं. खुद्द मला कळलं नव्हतं. तुमची ओळ वाचली, मूळ पानावरचा एक तुकडा नखाने उचलला, तर खाली दडलेल्या दोन ओळी, जशाच्या तशा. सगळ्या तुकड्यांखाली तेच. शिवणीत कापड दाबावं तशा मी ओळी दाबल्या होत्या. आणि तुम्ही दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब बसून, पान न बघता, नुसता छापील अंक वाचून ओळखलंत! कुणाला माझ्यावर नजर ठेवायला बसवलंय? चोराची पावलं चोराला ठाऊक म्हणतात, पण तुम्ही कसल्या चोर! तुमच्या हातून चूक होत नाही, हे ऐकून आमचे कान किटले.

उत्तर द्या. लाल पेन्सिलीने नको.

धाकटी


१५ फेब्रुवारी

थोरल्या बाई,

मागच्या पत्राच्या उत्तराची वाट बघत नाही. उत्तर मला मिळालं.

चोराची पावलं चोराला ठाऊक, असं लिहून पत्र पेटीत टाकलं आणि ते वाक्य पाठ सोडेना. भाजी चिरताना तेच, नातीला अंघोळ घालताना तेच. शेवटी मंडळात गेले. पत्र्याची पेटी टेबलावर उपडी केली. शेवाळी सुतळीने बांधलेला गठ्ठा होता, दहाव्या वर्षाचा. त्याआधी तुम्ही पत्रक हाताने लिहून काढायचात, आठवतंय मला. तो अंक पहिल्यांदा छापखान्यात गेला, म्हणजे कापून चिकटवण्याची तुमची ती पहिलीच वेळ. माझी आत्ताची होती तशी.

पहिल्या पानावर चौकट. चार नावं, चौथं तुमचं. त्याखाली अध्यक्षीणबाईंच्या शुभेच्छांचा तुकडा. त्याची एक बाजू सुटलेली होती. मी उचलली. खाली अर्ध्या इंचात माझं नाव.

मी खुर्चीत बसले. तुमच्या उशीवर.

आणखी तीन बातम्यांची शेपटं त्या अंकात गेली आहेत, बघितली मी. तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाहीत, कारण मी एकटीच एवढं ओरडत होते. पुढच्या महिन्याच्या पानावर मात्र सगळे तुकडे कडेला कड. म्हणजे मधल्या काळात तुम्हाला कळलं. आणि ती सुटलेली बाजू गोंद वाळून सुटलेली नाही. माझ्या नावाशेजारी लाल पेन्सिलीची बारीक खूण आहे. तुम्ही तुकडा उचललात, नाव बघितलंत, खूण केलीत, आणि गठ्ठा सुतळीने बांधून ठेवून दिलात.

वाटत असेल, आता ही रडून माफ करेल. अजिबात नाही. आधी मी समजत होते की तुम्ही दुष्टपणाने नाव गाळलं. दुष्ट माणूस परवडतं, त्याच्याशी भांडता येतं. तुम्ही चुकून गाळलं आणि पंधरा वर्षं दुष्ट म्हणून मिरवलात! का, तर चूक झाली म्हणायला जीभ रेटेना. माझ्या खोलीला लागून तुमची खोली. मधे एक भिंत. "अगं, नाव दाबलं गेलं गं" एवढं भिंतीला जरी सांगितलं असतंत तरी मला ऐकू आलं असतं. मी मिठाचं ऐकवत होतेच ना?

माझ्या मुलाच्या लग्नात तुम्ही मागच्या रांगेत बसलात. भावजी आजारी होते तेव्हा मी पेज दारात ठेवून जायचे, हाक न मारता. भावजी गेले त्या दिवशीसुद्धा मी तुमच्या शेजारी बसले नाही, त्यांच्या पायाशी बसले. हे सगळं कशापायी, तर अर्ध्या इंचापायी.

त्या सभेत मी तुम्हाला सगळ्यांसमोर "जळकी" म्हणाले होते. ते तुम्ही "जागा नव्हती" म्हणालात त्याच्या आधी की नंतर, हे आता मला आठवत नाही.

आधी, बहुतेक.

पण म्हणून काय झालं! चौकट चार ओळींचीच राहणार.

धाकटी


६ मार्च

थोरल्या बाई,

तुमची चिठ्ठी आली. या वेळी निळ्या शाईत. आमचे हे म्हणाले, "प्रगती आहे."

मंडळ सुरू करणाऱ्या बायकांची नावं, तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात. पहिलं माझं, बाकीच्यांपेक्षा मोठं लिहिलेलं. मग तिघींची. तुमचं नाहीच. खाली लिहिलंय, "माझं घालू नकोस. मग सगळी मावतील." ना चुकले, ना माफ कर. उलट मलाच शिकवताय, काय मावतं आणि काय नाही.

मला इतका राग आला की हातातला चहा तसाच ठेवला. कळतं का तुम्हाला काय केलंत ते? तुमचं नाव गाळायचं हे मी ठरवलं होतं. तो माझा बेत होता, मी दोन महिने मांडीवर घेऊन खेळवला. आता तुम्हीच म्हणताय गाळ, म्हणजे मी गाळलं तरी ते तुमचं ऐकल्यासारखं! मरेपर्यंत तुमचंच चालायचं का या घरात?

म्हणून नाव घातलं. पाच म्हणजे पाच. सूड घ्यायचा म्हणून घातलंय, मनात दुसरं काही आणू नका.

पहिलं माझं आहे. तेवढं तुमचं ऐकलं, कारण ते बरोबर होतं. शेवटचं तुमचं. पान माझ्या हाताने जुळवलं, कडेला कड, आणि काजवाल्या मावशींना शेजारी बसवून एकेक ओळ वहीशी ताडून घेतली. त्या म्हणाल्या, "मी जिवंत आहे हे कुठेतरी छाप." छापलं आहे, तिसऱ्या पानावर.

तुमच्या नावाखाली अर्धा इंच कोरा सोडलाय. छापखानेवाले म्हणाले, "आजी, इथे बटणवाल्यांची जाहिरात बसेल, जागा वाया जातेय." मी म्हटलं, त्या अर्ध्या इंचात टाचणीचंही टोक छापलंत तर अंक घेणार नाही. का, ते विचारलं त्यांनी. सांगितलं नाही.

कुणालाच सांगितलं नाही. दहाव्या वर्षाचं ते जुनं पान घेतलं, शुभेच्छांचा तुकडा अर्धा इंच खाली सरकवला आणि पुन्हा चिकटवला. आता त्यात पाच नावं दिसतात. सुतळी बांधून पेटीत ठेवलं. तुमची लाज राखायला नाही हं. तुमची चूक सांगायची तर मी पण तीच केली हे सांगावं लागेल, आणि मी अध्यक्षीणबाईंना सांगून बसलेय की गोंद ओघळला.

अंक सोबत आहे. छापायच्या आधीची प्रत आहे, एकच. रविवारपर्यंत दुरुस्त्या घेतात. लाल पेन्सिल तुमच्याकडे उरली नसेल, अठ्ठेचाळीस खुणांत संपली असेल, म्हणून डब्यातली एक घातली आहे. पोस्टाने पाठवू नका, पाच-सहा दिवस लावतात मेले, म्हणून तर हे पाकीटही कुरिअरने धाडलंय. हातात आणून दिलीत तर वेळेत पोचेल.

समारंभ पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, मंडळाच्या खोलीत. हे बोलावणं नाही, छापील बोलावणं सगळ्या सभासदांना जातं आणि तुमची वर्गणी अजून चालू आहे, मी बघितलं. तीन जिने आहेत, गुडघे सांभाळा. नात कुणाकडेही जाते, तुमच्याकडेही जाईल, तिला काय कळतंय.

खुर्च्या कमी पडणार, म्हणून सतरंजी घालणार आहोत. माझीच आहे, जुनी. तुमच्यासाठी वेगळं काही मांडलेलं नाही.

पण जागा आहे.

धाकटी